दुर्बीण मे महिन्यात होती

२०२४ साली भाऊबीज होऊन दोन दिवस झाले असतील. रात्री आठच्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या कुटुंबातली मुलगी आमच्या दारात उभी. वय तेरा, डोळ्यांत पाणी. "काका, दुर्बीण बिघडली आहे. बाबा म्हणतात उद्या परत करू."

घुब्रातल्या आमच्या इमारतीत मला 'तारेवाले काका' म्हणतात. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मी विचारलेलं नाही. कॉलेजात असताना पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या गच्चीवर जाण्याची सवय लागली. १९९८ साली मस्कतला आलो तेव्हा सामानात कपड्यांपेक्षा जड एक आरसा होता. तेव्हापासून इथे कोणाच्याही घरी दुर्बीण आली की तिचं बारसं करायला मला बोलावतात.

गच्चीवर गेलो. दुर्बीण चांगली होती. १३० मिलिमीटरचा आरसा, आपोआप फिरणारा माउंट आणि तारखेपासून ताऱ्यापर्यंत सगळं विचारणारा हँडसेट. तो हँडसेट तिला म्हणत होता, स्पायका, आर्क्टुरस किंवा रेग्युलस यांपैकी एक तारा निवड. म्हणजे आपले चित्रा, स्वाती आणि मघा. नोव्हेंबरच्या संध्याकाळी आठ वाजता यातला एकही आकाशात नसतो. पोर दोन संध्याकाळ ते तारे शोधत होती आणि शेवटी जो दिसेल तो धरून बटण दाबत होती. दर वेळी पडद्यावर एकच उत्तर: अलाइन फेल्ड.

"तारीख काय घातलीस?"

"आजचीच. शून्य पाच, अकरा, चोवीस."

घोळ तिथेच होता. यंत्र अमेरिकन पद्धतीचं, आधी महिना मागतं आणि मग दिवस. आमच्या गच्चीवर ५ नोव्हेंबर होता, दुर्बीण मात्र ११ मे समजून बसली होती. ती बिचारी मे महिन्यातलं आकाश अगदी बरोबर सांगत होती. वेळेच्या पट्ट्यातही गंमत होती. घरातलं भिंतीवरचं एक घड्याळ भारतीय वेळेवर चालतं (आपल्यापैकी किती घरांत चालतं ते हात वर करून सांगा), आणि तिने साडेपाचचा पट्टा निवडला होता. ओमानचा चारचा. दीड तासात आकाश २२ अंशांहून जास्त सरकतं.

मी हात पुढे केला आणि मागे घेतला. याला कारण आहे. माझा मुलगा दहा वर्षांचा असताना मी त्याला दुर्बीण शिकवली, म्हणजे दर वेळी "सरक जरा, मी लावून देतो" म्हणून लावून दिली. त्याने हजार गोष्टी पाहिल्या आणि एकही शोधली नाही. आता तो कॅनडात आहे, रात्री वर बघत नाही. तेव्हापासून नियम केला आहे: शिकणाऱ्याच्या दुर्बिणीला हात लावायचा नाही. पाळणं फार कठीण जातं.

म्हणून तिलाच सगळं करायला लावलं. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर लाल ठिपक्याचा शोधक नळीशी जुळवला. दूरच्या डोंगरावरचा मोबाइलचा टॉवर आधी नळीत मधोमध आणायचा, मग शोधकाचे स्क्रू फिरवून ठिपका त्याच टॉवरवर बसवायचा. हे दिवसा करावं, रात्री तारा हलतो आणि माणूस वैतागतो. दोन ताकिदी दिल्या: सूर्याकडे कधीही वळवायची नाही आणि लोकांच्या खिडक्यांकडे तर नाहीच. यंत्रातल्या आठ पेन्सिल सेलना रजा देऊन गाडीच्या सॉकेटमधून वीज घ्यायची केबल आणवली. सेल उतरले की ही यंत्रं बंद पडत नाहीत, बरळायला लागतात.

या सगळ्या वेळी गच्चीच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर तिचे आजोबा बसलेले असत. नाना. कराडजवळच्या गावातले, छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. जूनमध्ये नानी गेल्या. एकटे कसे राहणार म्हणून मुलाने ऑक्टोबरमध्ये इकडे आणलं. नाना जेवत, औषधं घेत, विचारलं तर "बरं आहे" म्हणत. एवढंच. मुलगा मला लिफ्टमध्ये म्हणाला होता, "काका, घरात ते आहेत हे कधी कधी कळतच नाही." हे तो रागाने नव्हे, घाबरून म्हणाला.

२८ नोव्हेंबरला गुरुवार होता आणि अमावस्या दोन दिवसांवर. आम्ही दोन गाड्या काढून बिदियाला गेलो. इब्रा मागे पडल्यावर वाळू दिसायला लागते. कर्कवृत्त इथून उत्तरेला राहतं. हे नानांनी गाडीत आपणहून सांगितलं आणि पुन्हा गप्प झाले. वाळूच्या कडेला एक छोटा कॅम्प आहे, त्याचा म्हातारा ओमानी मालक माझ्या ओळखीचा. मोडक्या हिंदीत बोलतो, कहवा आणि खजूर आणून ठेवतो आणि सांगितल्यावर अंगणातले दिवे मालवतो. हे शेवटचं फार थोडे लोक करतात.

साडेसात वाजता शुक्र पश्चिमेला वाळूच्या टेकडीवर टेकला होता. दक्षिणेला बऱ्यापैकी उंच शनी, त्याच्या खाली एकटा तेजस्वी तारा. हँडसेटवर नाव फोमलहॉट. नवशिक्याला पहिला तारा द्यावा तर हा, आजूबाजूला चुकायला दुसरं काहीच नाही. मी म्हटलं, आपल्याकडे याला मीनास्य म्हणतात, माशाचं तोंड. मालक हसला. "फम् अल् हूत. वही, मछली का मुँह."

तिने लाल ठिपका ताऱ्यावर आणला, एंटर दाबलं, मग भिंगात बघून तारा मधोमध घेतला. शेवटची हालचाल नेहमी वर आणि उजवीकडे या दोनच बटणांनी करायची, हे मी सांगितलं. ती म्हणाली, का? मी दातेरी चाकांतल्या ढिलाईबद्दल बोलायला लागलो तर मागून आवाज आला, "रहाटासारखं. दोर एका बाजूनं ताणून धरला की बादली डुलत नाही." नाना. आम्ही तिघांनी मागे वळून पाहिलं. ते आकाशाकडेच बघत होते.

दुसरा तारा यंत्राने सुचवला, अल्डेबरान. ती पूर्वेला वळली. तिकडे एक झगझगीत, पांढुरका गोळा क्षितिजापासून दोन मुठी वर आला होता. तिने तोच धरला, मधोमध घेतला, अलाइन दाबलं. अलाइन फेल्ड.

तिचा चेहरा पडला. तिचा बाबा म्हणाला, "मी सांगत होतो, मशीनच खराब आहे." मला चूक दिसत होती. दोन ताऱ्यांमधलं अंतर यंत्राला तोंडपाठ असतं. आपण दाखवलेलं अंतर त्याच्या हिशेबाशी जुळलं नाही तर ते नकार देतं, त्यात बिघाड नसतो. पण हे तोंडावर आणायचं नाही म्हणून मी कहव्याचा घोट घेतला. वाकून एकदा नळी सरकवली असती तर दहा सेकंदांचं काम होतं. फक्त एवढंच बोललो, "अल्डेबरान म्हणजे आपली रोहिणी."

नाना खुर्चीतून उठले.

"रोहिणी? मग ती नव्हे, पोरी. रोहिणी तांबूस असते. आधी कृत्तिका बघ, तो झुबका. तिच्या खाली उतर. हां, तो लालसर. ती रोहिणी. तू धरलास तो गुरू आहे. यंदा रोहिणीच्या शेजारी मुक्कामाला आलाय."

त्या वर्षी गुरू खरोखरच वृषभ राशीत होता आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्याच्या बरोबर समोर येणार होता, म्हणजे ऐन तेजात. रोहिणीपासून जेमतेम एका मुठीवर. चुकणं साहजिक होतं. त्यानंतर नाना थांबले नाहीत. छत्तीस वर्षं फळ्यावर काढलेलं सगळं आकाश बाहेर आलं. शाळेच्या लायब्ररीत शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'ज्योतिर्विलास' होतं, तेवढ्यावर ते शिकले. दुर्बिणीला आयुष्यात डोळा लावला नव्हता.

नात हँडसेटवरचं नाव वाचायची, मी मराठी नाव सांगायचो, नाना जागा दाखवायचे आणि कॅम्पचा मालक वरून अरबी फोडणी द्यायचा. कॅपेला म्हणजे ब्रह्महृदय. कृत्तिका म्हणजे थुरैया. अल्डेबरान हे तर अरबीच, अद्-दबरान, मागून येणारा. कोणाच्या मागून? थुरैयाच्या. नानांनी मांडीवर थाप मारली. अरबांचे चंद्राचे मुक्काम अठ्ठावीस, आपली नक्षत्रं सत्तावीस, अभिजित धरलं तर अठ्ठावीस. आपलं तिसरं कृत्तिका, त्यांचं तिसरं थुरैया. चौथं रोहिणी, चौथं दबरान. अठरावं ज्येष्ठा, अठरावं अल् कल्ब, विंचवाचं काळीज. कोणी कोणाकडून घेतलं हा वाद विद्वानांनी चालवावा. आम्हाला त्या रात्री दोन म्हाताऱ्यांनी बोटांवर मोजून पडताळा घेतला तेवढा पुरला. एक मराठीत मोजत होता, दुसरा अरबीत.

मालकाने मग फलजची गोष्ट सांगितली. त्याच्या आजोबांच्या गावात पाण्याची पाळी दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर ठरायची. ठरलेला तारा डोंगराच्या कडेवर किंवा भिंतीच्या टोकाला आला की पाट एकाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेतात वळवायचा. पाळीचं माप 'अथर', साधारण अर्धा तास. पुढे मनगटी घड्याळं आली. ओमानच्या पाच फलजांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, आपण पाहुण्यांना निझवाजवळचा फलज दारिस दाखवून आणतो. पण त्याच्या पाण्याशी ताऱ्यांचा संबंध होता हे मला इथे वीस वर्षं राहून झाल्यावर कळलं, याची थोडी लाज वाटते.

नाना म्हणाले, "आमच्याकडे हे बायकांना ठाऊक. तिकांडं कुठवर आलं ते बघून ही उठायची. घरात गजराचं घड्याळ होतं, पण हिचा त्याच्यावर विश्वास नव्हता." तिकांडं म्हणजे मृगाच्या पोटातला बाण. नानी गेल्यापासून त्यांच्याबद्दल ते पहिल्यांदाच बोलले, असं मुलाने मला नंतर सांगितलं. त्या वेळी तो उठून गाडीकडे गेला आणि बराच वेळ डिकीत काहीतरी शोधत राहिला.

दुसऱ्या खेपेला नातीने रोहिणीच धरली. वर, उजवीकडे, एंटर. अलाइन सक्सेस. लगेच शनी निवडला. मोटर घुरघुरली, नळी स्वतःहून दक्षिणेकडे वळली, थांबली. तिने बघितलं आणि किंचाळली. मग आजोबांना ओढत आणलं.

नानांना काही दिसेना. चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं होतं आणि ते दुसऱ्या डोळ्याने बघत होते. डोळा बदलला. बराच वेळ बोलले नाहीत. यंदा कडं अगदी अरुंद दिसत होतं. पृथ्वी त्याच्या पातळीत येत चालली होती आणि मार्च २०२५ मध्ये ते कडेवर येणार होतं. पुस्तकातल्यासारखी रुंद वलयं नव्हती.

"मण्यात सुई खुपसल्यासारखं आहे," नाना म्हणाले. "मी पोरांना केवढं मोठं काढून दाखवायचो."

बाकीची रात्र लिहीत नाही, ती तशीच गेली जशी चांगल्या रात्री जातात. अकरानंतर दव पडायला लागलं, नळीवर टॉवेल गुंडाळला. मुलगा पांघरूण घेऊन चटईवर झोपला. दीडच्या सुमारास सप्तर्षी ईशान्येला उभे राहून वर येत होते आणि दक्षिणेला वाळूवर सुहैल ठळक झाला होता. इथले लोक ऑगस्टअखेरीस पहाटे तो दिसू लागला की उन्हाळा उतरला म्हणतात. आपला अगस्ती. नातीने हात लांब करून मोजला, दीड मूठ. एक मूठ दहा अंश, हे तिला एव्हाना पाठ झालं होतं. पूर्वी या किनाऱ्यावरचे नाखवे 'कमाल' नावाच्या फळीने आणि दोरीने ताऱ्यांची उंची मोजत आणि माप बोटांतच सांगत, हे मी सांगितलं. नानांनी स्वतःचा हात लांब केला, एक डोळा मिटला, बराच वेळ तसेच उभे राहिले.

व्हिसा संपत आला तसे जानेवारीच्या सुरुवातीला नाना परत गेले. राहा म्हणून मुलाने खूप सांगितलं. "घर उघडं राहिलं पाहिजे," एवढंच त्यांचं म्हणणं. विमानतळावर मुलाचं आणि त्यांचं थोडं वाजलंही, असं ऐकलं. नातीने तिच्या वहीतल्या तीन रकान्यांच्या यादीची नक्कल त्यांना दिली: हँडसेटवरची नावं, आपली नावं, अरबी नावं. बावीस नावं होती. अरबी रकान्यातल्या दोन जागा मालकालाही आठवल्या नाहीत म्हणून रिकाम्या होत्या.

संक्रांत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री पावणेदहाला मला फोन आला. तिकडे सव्वाअकरा वाजले असणार. एवढ्या रात्री नानांचा फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

"अंगणात उभा आहे," ते म्हणाले. "अगस्ती आत्ता नेमका दक्षिणेला आलाय. तिथल्यापेक्षा वर आहे. दीड मुठीच्या वर तीन बोटं धरली. बरोबर येतंय का बघा जरा हिशेबानं."

बिदियाचं अक्षांश साडेबावीसच्या आत-बाहेर, कराडचं सव्वासतरा. फरक पाच अंश. हात लांब केल्यावर तीन बोटं म्हणजे पाच अंश. उत्तर तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, "थांबा, तुमच्या नातीलाच देतो," आणि फोन घेऊन जिना उतरलो.