बारा कोस

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. मुलुंड कॉलनीत ती एकाच घरात तीनदा बदलते, मग त्या म्हणीचं करायचं काय?

कोस साधारण दोन मैलांचा धरतात. म्हणजे बारा कोस झाले चोवीस मैल. १८५३ साली बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी एकवीस मैलांवर ठाण्याला थांबली. मुलुंड त्याच्याही अलीकडे. म्हणीच्या हिशेबाने इथे अजून बोरीबंदरचीच भाषा हवी. पण कोस आला संस्कृत ‘क्रोश’वरून, आणि क्रोश म्हणजे हाक. हाक जाईल तेवढं अंतर. बारा कोस म्हणजे बारा हाका! हे कळल्यापासून मी मैल मोजायचे सोडून दिले.

शेजारच्या आजी फाळणीनंतर सिंधमधून आल्या, तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. त्या अजून अरबी वळणाची ५२ अक्षरं वाचतात. ती लिपी इंग्रजांनी ठरवली, तीही १८५३ मध्येच. त्यांचा मुलगा सिंधी वाचतो ती देवनागरीत. नातू वाचतच नाही. सिंधीतला ‘ॾाॾी’ म्हणताना घोट घेतल्यासारखा आवाज आत ओढावा लागतो. नातू ‘दादी’ म्हणतो. एकदा आजींनी त्याची हनुवटी धरून त्याच्याकडून ‘ॿोली’ म्हणवून घ्यायचा प्रयत्न केला. त्याने तीनदा ‘बोली’च म्हटलं. भाषेला सिंधीत जो शब्द आहे, त्याचं पहिलंच अक्षर त्याच्या तोंडात बसेना.

१९६७ मध्ये सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. कच्छी तिथे नाही, तिला स्वतःची रुळलेली लिपीही नाही, लिहायचं ते गुजरातीत. तरी आमचा वाणी गल्ल्यावरून पोरीला कच्छीत ओरडतो आणि पोरगी कच्छीतच उलटून बोलते. दोन लिप्यांच्या ओढाताणीत सिंधी दमली का? की कच्छीची पाळी अजून यायची आहे? मला दोन्ही पटतं, आणि दोन्हींनी जीव हळहळतो.

काल संध्याकाळी आजींनी गॅलरीतून हाक मारली, ‘पुट, अचु!’ खालून उत्तर आलं, ‘आया, दादी.’ आणि तो आलाही.

माझी आजी मालवणीत विचारायची, ‘खंय आसस रे?’ मी ओरडायचो, ‘आलो!’ ‘इलंय’ कधी म्हटलं नाही. तिच्या कानाला ते कसं लागायचं, हे विचारायचं राहून गेलं.