मिटलेलं पुस्तक

मुलांनो, परीक्षा फक्त तुमच्याच मागे लागलेली असते असं वाटतं ना? आम्हा बाईंनाही ती सोडत नाही बरं का!

डी.एड. करून मी अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षिका झाले. नोकरी करता करता बाहेरून बी.ए. करायचं ठरवलं. अमरावती विद्यापीठ १९८३ साली सुरू झालं, म्हणून आम्हा वऱ्हाडातल्या मुलामुलींना पदवीसाठी नागपूर विद्यापीठाकडे बघावं लागत नाही. परीक्षा दोन, उन्हाळी आणि हिवाळी.

इतिहासाचं पुस्तक मी पाच वेळा वाचलं. लाल पेन्सिलीनं ओळी रंगवल्या. सगळं ओळखीचं वाटायचं, म्हणजे येतंच आपल्याला! भर उन्हात बडनेऱ्याला उतरून अमरावती गाठली. प्रश्न आला सत्यशोधक समाजाच्या कार्याचा. २४ सप्टेंबर १८७३, पुणे, महात्मा फुले, एवढं लिहिलं अन् पेन थांबलं. पान डोळ्यांपुढे होतं, लाल रेघही होती. रेघेवरचे शब्द मात्र दिसेनात.

निकाल लागला. इतिहासात नापास! वर्गात मी ब्रही काढला नाही.

हिवाळी परीक्षा जवळ आली. मधल्या सुट्टीत तेच पुस्तक घेऊन बसले होते. चौथीतली एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, तुमी पुस्तक उघडं ठेवून काहून पाठ करता? आमाले तं पाढे म्हनतानी मिटाले लावता!"

मी पुस्तक मिटलं. आठवेल तेवढं पाटीवर लिहिलं. अर्धी पाटी कोरी! पण काय येत नाही ते तरी कळलं. तेवढंच पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग आठवड्यानं तोच धडा न पाहता लिहिला. शेवटी जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून तीन तासांत सोडवल्या. पेपरच्या आदल्या रात्री जागले नाही, झोपले.

नंतर वाचनात आलं, २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे!

हिवाळीत मी पास झाले. मग वर्गाला पेढे दिले आणि आधीचं नापास होणंही सांगितलं. वर्ग चिडीचूप. तीच मुलगी हळूच म्हणाली, "मंग मी सहामाहीत गनितात नापास झाली तं चालन काय?"

म्हटलं, "लपवलं तर चालणार नाही. कुठं अडतं ते पाटीवर लिहून आण."

दुसऱ्या दिवशी तिनं पाटी आणली. भागाकार होता, हातच्यापाशी अडलेला. आम्ही दोघी तिथूनच सुरू झालो.