गळका नळ आणि शेजारधर्म

कांद्याच्या बाजारपेठेमुळे लासलगावचे नाव देशभर पोहोचले आहे. परंतु येथील घराघरांतील दिनक्रमाला वळण देते ते कांद्याचा भाव नव्हे, तर नळाचे पाणी. गोदावरी व कादवा यांच्या संगमापाशी असलेल्या नांदूरमध्यमेश्वरहून सोळागाव योजनेचे पाणी लासलगाव-विंचूर परिसरात येते. ते अष्टौप्रहर वाहत नसते. येते तेव्हा भरून घ्यावे आणि पुरवून वापरावे, हीच आमची रीत. त्यामुळे जुन्या घरातील गळता नळ हा आम्हांला केवळ दुरुस्तीचा विषय वाटत नाही. तो शेजारधर्माचा विषय वाटतो.

आमच्यासारख्यांच्या जुन्या घरांत अजूनही लोखंडी पाइप आहेत. त्यांवरील जस्ताचा मुलामा काळाच्या ओघात झिजतो आणि आतून गंज चढतो. पाइप बाहेरून धडधाकट दिसला, तरी आतील वाट करंगळीएवढी उरलेली असते. नळाची धार बारीक झाली की आपण योजनेला दोष देतो. पुष्कळदा दोष आपल्याच भिंतीत दडलेला असतो. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरी क्षारांचे पांढरे थर नळाच्या जाळीत साचतात. त्यात आमची काळी माती! उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि जमिनीतील पाइपांचे सांधे हळूहळू ओढून सैल करते. म्हणून पाइप टाकताना चरात खाली-वर वाळू किंवा बारीक मुरूम घालावा, असे जाणते कारागीर सांगतात.

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमच्या आळीत एकामागून एक घरी जुलाब-उलट्यांचा त्रास सुरू झाला. मुले आणि वृद्ध अंथरुणाला खिळले. शेवटी रस्ता खणला, तेव्हा गटारालगत गेलेल्या एका घरच्या जोडणीला गंजून पडलेले छिद्र सापडले. पाणी सुरू असताना अशा छिद्रातून ते बाहेर जाते, एवढेच आपल्याला दिसते. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो, त्यातील दाब नाहीसा होतो आणि भोवतालची घाण त्याच छिद्रातून आत शिरते. पुढच्या पाण्याबरोबर ती शेजाऱ्याच्या हंड्यात जाऊन पडते. नळाला थेट मोटर लावणाऱ्यांनी तर याचा विशेष विचार करावा. ती मोटर शेजारच्या घराचे पाणी ओढते, आणि पाण्याबरोबर गटारातील घाणही ओढू शकते.

गळती शोधण्यास मोठी विद्या लागत नाही. रात्री सर्व नळ बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि पहाटे ती पाहावी. पाणी उतरले असेल, तर कोठेतरी वाट आहे. शौचालयाच्या फ्लशच्या टाकीत कपड्यांच्या निळीचे काही थेंब टाकावेत. पाणी न सोडता अर्ध्या तासात भांड्यात निळसर छटा उतरली, तर आतील रबर झिजले असे समजावे. टिपकणाऱ्या नळाचा दोष बहुधा वॉशरचा असतो. तो काही रुपयांत मिळतो; मात्र बदलण्यापूर्वी मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा. हा व्हॉल्व्ह कोठे आहे, हे घरातील लहानथोर सर्वांना ठाऊक असावे. दोन-तीन महिन्यांतून एकदा तो फिरवून पाहावा, नाहीतर गरजेच्या वेळी तो जाम झालेला आढळतो. जाळीतील क्षार लिंबाच्या रसात भिजवून निघतात. टाकी वर्षातून दोनदा धुवावी. नळाला आलेले पहिले गढूळ पाणी झाडांना घालावे आणि पावसाळ्यात पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे.

थेंबाचा हिशेब क्षुद्र वाटतो खरा. पण सेकंदाला एक थेंब गळाला, तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर ते चार लिटरांहून अधिक भरतात आणि वर्षाचे दीड हजार लिटरांच्या वर जातात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटरांचे प्रमाण धरले. त्या हिशेबाने एकट्या नळाची ही टिपटिप एका माणसाचे जवळजवळ महिन्याभराचे पाणी होय!

तान्हेल्याला पाणी देणे हे दयेच्या शारीरिक कृत्यांपैकी एक, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणीच शिकलो. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी पाण्याला बहीण मानले. त्यांचेच नाव धारण करणाऱ्या पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्यायोग्य पाणी हा प्रत्येक मानवाचा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले. दारी आलेल्या तान्हेल्याला आपण लोटाभर पाणी देतोच. परंतु भिंतीपलीकडचा, आळीच्या टोकाचा तान्हेला आपल्या दारी येत नाही. त्याच्या वाट्याचे पाणी आपल्या गळक्या सांध्यातून जमिनीत मुरते, आणि कधी आपल्याच छिद्रातून त्याच्या पेल्यात रोग जातो. हे थांबवण्यास फार काही लागत नाही: एक पाना, एक वॉशर आणि थोडी सवड. पावसाळ्यापूर्वी आपण घराची कौले चाळतो, गळती काढतो. त्याच वेळी नळांकडेही एक फेरी मारावी. शेजारधर्म पाळण्याची ही एक साधी, गाजावाजा नसलेली रीत आहे.