अर्धा कोयता

आमच्या पाथर्डी तालुक्यात 'कोयता' हे हत्याराचे नाव आहे, तसेच माणसांचेही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला माणसे ट्रक-ट्रॅक्टर भरून कारखान्यांकडे निघतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचलीच्या कागदावर अंगठा नवऱ्याचा. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे काम मात्र दोघांचे. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. मी सहावीत असताना माझे वडील वारले. पुढे पाच हंगाम आई मामाच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून गेली आणि मी आजीजवळ राहून शाळा शिकले. आता तिची कंबर गेली आहे. गावातच खुरपणीला जाते, चार शेळ्या राखते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

हे आधी सांगितले, कारण त्यावाचून यंदाच्या ८ मार्चला गावात झालेल्या महिला मेळाव्याविषयी मला काय वाटले ते कळायचे नाही.

मेळावा बचत गटांनी शाळेच्या पटांगणात भरवला होता. रांगोळी, संगीत खुर्ची, शेवटी पैठणीची सोडत, असा थाट. हंगाम संपायचा असल्याने निम्मे गाव कारखान्यांवरच होते. म्हणजे ज्यांच्या कष्टाचे गोडवे गायचे त्यांतल्या कितीतरी जणी त्या वेळी उसाच्या पाचटात उभ्या होत्या. तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांनी तासभर भाषण केले. पाळण्याच्या दोरीपासून अंतराळापर्यंत सगळे त्यात आले. कोयता तेवढा आला नाही.

टेबलावर तीन तसबिरी मांडल्या होत्या : जिजाऊ, अहिल्याबाई आणि सावित्रीबाई. तिन्हींना हार घातले होते, काचेवर हळदीकुंकवाची बोटे लावली होती. त्या बोटांकडे पाहता पाहता एक गोष्ट माझ्या मनात आली. शहाजीराजे १६६४ साली गेले, खंडेराव होळकर १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले आणि जोतीराव १८९० साली गेले. तिघींनीही पुढचे आयुष्य नवऱ्यामागे काढले. अहिल्याबाई तर आमच्याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्यांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य चालवले ते विधवा म्हणूनच. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. त्याच जिल्ह्यात माझी आई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उंबऱ्याबाहेर थांबते आणि मला आत पाठवते.

भाषणे झाल्यावर गटाची सचिव उठली. माहेरी आलेली, बारावी शिकलेली मुलगी. ती म्हणाली, "कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. सरकारनेही इतर गावांना तसे करायला सांगितले आहे. आज आपण सगळ्यांनाच कुंकू लावणार आहोत. ज्यांना नको असेल त्यांनी तसे सांगावे."

पटांगण एकदम चिडीचूप झाले. मग कुजबुज. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या उठून चालत्या झाल्या. आमच्या वस्तीवरच्या एका आजीने मात्र कपाळ पुढे केले. लावणाऱ्या मुलीचा हात कापत होता आणि आजीचे डोळे मिटलेले होते. (ह्याच आजीने घराच्या वळणावर पदराच्या टोकाने ते कुंकू पुसले, तेही मी पाहिले. घरात सुना होत्या. तिला हसण्याचा अधिकार मला वाटत नाही.)

ताट आईसमोर आले. मला वाटले होते ती लाजेल, किंवा रडेल. ती म्हणाली, "हळद लाव. कुंकवाचं राहू दे, बाई, सवय मोडली आता. पण एक इचारायचंय. घराच्या उताऱ्यावर माझं नाव कवा लागायचं?"

हा प्रश्न कुणाच्याच भाषणात बसत नव्हता. वडील गेल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना आठला आमच्या घरापुढे चुलत्यांचे नाव लागले. कसे लागले ते आईला कुणी सांगितले नाही. शासनाने २००३ साली 'घर दोघांचे' अशी मोहीम काढली होती; नवऱ्याबरोबर बायकोचे नाव लावायचे होते. आमच्या घरापर्यंत ती आली नाही. नवऱ्यामागे बायको मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस असते, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात आहे. मी ते कॉलेजात ऐकले, आईने त्या दिवशी माझ्याकडून ऐकले.

सरपंच बाईच आहेत. एरवी त्यांच्या वतीने त्यांचे यजमान बोलतात. आताही ते खुर्चीवरून अर्धे उठले आणि म्हणाले, "आज सणाचा दिवस, वहिनी, कामाचं मागून बघू." तेव्हा सरपंचबाईंनी त्यांच्याकडे न बघताच म्हटले, "अर्ज आणा, ताई. मी घेते." एवढे पाचच शब्द. टाळ्या पडल्या नाहीत, कारण तेवढ्यात पैठणीची सोडत पुकारली.

त्याच रात्री मी अर्ज लिहिला. आईने सही केली. ती गटात शिकलेली सही आहे, अक्षरे एकमेकांना धरून उतरणीला लागलेली. सहीत तिचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. माझ्या नावात तिचे नाव नाही. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्यांच्या नावात आईचेही नाव घालायचे असा शासनाचा निर्णय आहे. मी एकोणीस वर्षे लवकर आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ग्रामपंचायतीत गेलो. सरपंचबाई आल्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला, भाऊसाहेबांपुढे ठेवला आणि शिक्का मारून पोच द्यायला लावली. नोंद अजून झालेली नाही. चुलत्यांनी बोलणे टाकले आहे. आमच्या शेळ्या त्यांच्या बांधावरून जात, ती वाट त्यांनी काट्या लावून बंद केली. आई आता लांबून, ओढ्याच्या अंगाने जाते.

अर्जाची पोच मी वसतिगृहातल्या माझ्या पेटीत आणून ठेवली आहे. घरी ठेवली तर ती राहील, याची आईला खात्री वाटत नाही.