साइम रोडची वळणवाट

रविवारी सकाळी मॅकरिची जलाशयाला फेरी मारायची, एवढंच बाबांनी घरात सांगितलं होतं. पुढचा बेत त्यांनी पोटातच ठेवला, आणि त्याचं कारण आजी.

अलिबागच्या इस्राएल आळीतून आजी सिंगापूरला येऊन पंधरा दिवस झाले होते. पण वॉटरलू स्ट्रीटच्या मशिदीत जायचा विषय निघाला की त्यांचे गुडघे दुखू लागत. (जुनी बेने इस्राएल माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात, वर्गातल्या मुलांनी गोंधळू नये.) खरं दुखणं वेगळं होतं. ती मशीद बगदाद्यांनी बांधलेली. बगदादी मंडळींनी आपल्या लोकांना बरोबरीचं मानायला किती खळखळ केली, हे आजींनी वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. रंगूनला तर १९३० च्या दशकात सिनेगॉगच्या कारभारातल्या हक्कासाठी बेने इस्राएलांना हायकोर्ट गाठावं लागलं होतं.

तर फेरी सुरू झाली. पाण्याच्या काठाने पायवाट, दोन्ही बाजूंना दाट झाडी. एका माकडाने नातवाच्या हातातली घावनांची पिशवी लांबवली. पुढे एका मोकळ्या जागी थांबून बाबांनी पाण्यापलीकडच्या रानाकडे बोट दाखवलं. तिथे 'श्योनान जिंजा'चे अवशेष आहेत. श्योनान हे जपान्यांनी सिंगापूरला दिलेलं नाव. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांना राबवून त्यांनी इथे शिंतो मंदिर उभारलं, आणि १९४५ मध्ये हार झाल्यावर स्वतःच पाडून टाकलं. ग्रॅनाइटची पाण्याची कुंडी आणि पायऱ्या तेवढ्या राहिल्या. नातू लगेच तिकडे निघाला.

"तिकडे नाही. राखीव जंगल आहे, वाट सोडायची नसते," बाबा म्हणाले. "आपल्याला दुसरीकडे जायचंय."

ते दुसरीकडे म्हणजे साइम रोड. युद्धाच्या आरंभी इथे ब्रिटिशांचं मुख्यालय होतं. सिंगापूर पडल्यावर आधी युद्धकैदी आणि मे १९४४ पासून चांगी तुरुंगातून हलवलेले नागरी कैदी इथल्या छावणीत राहिले. आता सगळीकडे झाडोरा. त्यात काँक्रीटचा एक जुना पिलबॉक्स दिसला, शेवाळाने हिरवा झालेला.

आजी टेकल्या. तेव्हा बाबांनी राखून ठेवलेलं सांगितलं. जपानी आल्यावर इथल्या यहुद्यांना दंडाला ओळखीची पट्टी बांधावी लागली. एप्रिल १९४३ मध्ये बऱ्याच पुरुषांना पकडून चांगीला नेलं. मार्च १९४५ मध्ये मागे राहिलेल्यांना या छावणीत आणलं.

"बायकापोरांनासुद्धा?" आजींनी विचारलं.

"हो."

नातीला शाळेत शिकलेले डेव्हिड मार्शल आठवले. १९५५ मध्ये सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झालेले मार्शल यहुदी होते, स्वयंसेवक सैनिक म्हणून पकडले गेले आणि त्यांची रवानगी थेट जपानात होक्काइदोला झाली. ती उत्साहाने सांगत होती. आजींचं लक्ष नव्हतं.

"आणि आपण इथे असतो तर रे?"

"तर तुझ्याही दंडाला पट्टी आली असती, आई."

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. उपासमारीने आणि रोगांनी या छावणीत माणसं मेली, हे बाबांनी हळू आवाजात सांगितलं. कद्दीश म्हणायला दहा पुरुष नव्हते, होते दीड. आजींनी वाकून एक खडा उचलला आणि पिलबॉक्सच्या कडेवर ठेवला. इथे कुणाची कबर नाही, हे नातीने दाखवून दिलं. आजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आणखी एक खडा ठेवला.

परतीच्या बसमध्ये त्यांनी विचारलं, "त्या मशिदीचं नाव काय म्हणालास?"

"मागेन आबोथ. १८७८ ची आहे."

"मागेन आबोथ तर आमच्या अलिबागची!" आजी म्हणाल्या. मग नातवंडांना त्यांनी अर्थ सांगितला: पूर्वजांची ढाल. खिडकीबाहेर बघत थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, शुक्रवारी संध्याकाळची तेफिल्ला तिथे किती वाजता असते.

नातू गुडघ्यांबद्दल काहीतरी विचारणार होता. आईने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.