चार बाय सातची गॅलरी आणि आईंची खुर्ची



आजचा विषय अभ्यासाचा नाही, पण मोजमापाचा नक्की आहे. शहरातल्या फ्लॅटची गॅलरी बहुतेक घरांत कपडे वाळत घालायला आणि रद्दी साठवायलाच जाते. पुण्यातली आमची गॅलरी चार फूट रुंद आणि सात फूट लांब. फळ्यावर 28 चौरस फूट लिहिलं की मोठं वाटतं. प्रत्यक्षात दारासमोरची जागा आणि कपडे वाळत घालायला उभं राहायची जागा सोडली, की एका माणसापुरती बैठक उरते.

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या घराला ओसरी आहे. संध्याकाळी बाजेवर बसून शेंगा फोडायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, ही त्यांची सवय. इथे त्या कठडा धरून उभ्या राहायच्या आणि गुडघे दुखले की आत यायच्या. उंबऱ्यावर बसणं त्यांना पटत नाही. दोन महिन्यांनी म्हणाल्या, "मला गावाला नेऊन सोड गं. इथं बसायला जागाच नाही." घरात सोफा आहे, दिवाण आहे. तरी त्या काय म्हणतायत ते मला कळलं.

मग आम्ही खुर्ची बघायला दुकानं पालथी घातली. हल्ली गॅलरीसाठी फार देखणे सेट मिळतात. विणलेल्या बुटक्या खुर्च्या, जाड गाद्या, मध्ये काचेचं टेबल. अशाच एका खुर्चीत आई बसल्या आणि उठताना यांचा हात धरावा लागला. म्हणाल्या, "शोभेची आहे बाबा, बसायची नाही." माझं मत तेव्हाच पक्कं झालं. म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसणं सोपं असतं, उठणं अवघड. म्हणून हात टेकायला दांडे हवेत, बैठक फार खोल नको आणि पाय जमिनीला पूर्ण टेकायला हवेत. बाजारातल्या साध्या खुर्च्यांची उंची साधारण 17-18 इंच असते. आई ठेंगण्या. गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत टेप लावली, तर साडेपंधरा इंच भरले.

हेच मोजमाप मी चौथीच्या मुलांना घरचा अभ्यास म्हणून दिलं. आजी-आजोबांचे पाय मोजा, त्यांच्या खुर्चीची उंची मोजा, फरक काढा. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणूनच आमची आजी पायाखाली पाट घेते!" वजाबाकीचं इतकं चांगलं उदाहरण मला पुस्तकात सापडलं नव्हतं.

आता सामानाचं. आमच्या गॅलरीत पावसाची झड सरळ आत येते. लोखंडाला रंग कितीही चांगला असो, पायांच्या रबरी टोप्यांत पाणी साचलं की गंज तिथूनच सुरू होतो. खरा वेत दिसायला सुंदर, पण ओल धरली की बुरशी. स्वस्त प्लास्टिक उन्हाने काही वर्षांत कडक होऊन तडकतं. ॲल्युमिनियम गंजत नाही, वजनालाही हलकं. पण आमचा मुलगा पहिलीत आहे. हलकी खुर्ची तो सहज कठड्यापर्यंत ओढेल. आमचा कठडा साडेतीन फुटांचा. दीड फुटाच्या खुर्चीवर मूल उभं राहिलं, की कठडा उरतो फक्त दोन फूट. पालकांनो, ही वजाबाकी घरी गेल्यावर जरूर करा. लहान मूल असलेल्या घरात स्टूल आणि मोठ्या कुंड्याही कठड्याला लागून ठेवू नयेत.

शेवटी ओळखीच्या सुताराकडून सागवानी खुर्ची करून घेतली. जड, सरळ पाठीची, दांडे असलेली, बैठक साडेपंधरा इंचांवर. दुकानातल्या सेटपेक्षा पैसे थोडे जास्त गेले, ते मला तरी चालले. करायला टाकण्याआधी तिच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद जमिनीवर चिकटवून दोन दिवस त्याला वळसा घालून वावरलो. दार अडत नाही ना, बादली घेऊन जाता येतं ना, ते कळलं. टेबल घेतलंच नाही. भिंतीला बिजागरीची फळी लावली. चहाचा कप आणि निवडायच्या भाजीचं ताट त्यावर मावतं, काम झालं की फळी खाली पाडायची. गादी आईंनीच केली, जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून. हिरव्या काठाची ती घडी सागवानावर इतकी छान दिसते, की पाहुणे कुठून आणली म्हणून विचारतात.

खुर्ची बाजूच्या भिंतीला टेकून ठेवलीय, तोंड सोसायटीच्या फाटकाकडे. दूधवाला, इस्त्रीवाला, शाळेची रिक्षा, सगळ्यांच्या वेळा आता आईंना पाठ आहेत. दिवाळीला गावी गेल्या होत्या. आठव्या दिवशी फोन आला, "खुर्चीवर धूळ बसली असंल, पुसून ठेव. आन् वाकळ उन्हात टाक."