कच्च्या सुरांची ओढ

आष्टी, रात्री उशिरा.

आज पुन्हा ‘सिमला बीट ७०’ ऐकली. ‘सिमला बीट’ नावाच्या स्पर्धेत उतरलेल्या भारतीय पोरांच्या बँड्सची ही रेकॉर्ड. गिटार खरखरते, गळा फाटतो, ड्रम पुढे पळतात, तरी अंगावर काटा येतो. १९६४ मध्ये ‘द किंक्स’ या ब्रिटिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरून मुद्दाम असा आवाज मिळवला.

आमच्या गावाला कच्च्या सुरांतली ही धग ओळखीची आहे. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी इथली माणसं पेटली आणि १६ ऑगस्ट १९४२ला ‘चले जाव’ चळवळीत पोलीस ठाण्यावर चालून गेली. त्या भजनांना लागली फक्त खंजिरी आणि खणखणीत गळा. सफाई सरावाने येते, धग आतूनच यावी लागते. पोरांनो, हाताशी असेल ते वाद्य घ्या आणि मोकळ्या गळ्याने गा!